बारा बिघे आणि भावांतर

इंदूरच्या आमच्या घरात शेतीची कामं शेतावर कमी आणि ओसरीवर जास्त व्हायची. शेत सांवेर तहसिलीत, घर रामबागेत. बारा बिघे काळी जमीन, म्हणजे साधारण तीन हेक्टर. होळकरशाहीत कुणा पूर्वजाला चाकरीपोटी मिळालेल्या जमिनीतला, १९५१ च्या कायद्यानं मध्यभारतात जागीरदारी संपल्यावर खुदकाश्त म्हणून राहिलेला आणि पुढे वाटण्या होता होता उरलेला हा तुकडा. घरात नांगर धरणारं कुणीच नव्हतं. आमचे आजोबा, अण्णा, कारकून. थोरले काका नाना शाळामास्तर. बाबा आणि भाऊकाका नोकरदार. जमीन कसायचे ते गावातले बासाब, त्यांच्या आधी त्यांचे वडील. अधबटाई होती. बी-खताचा खर्च निम्मा निम्मा, माल निम्मा निम्मा. करार तोंडी, दर अक्षय्य तृतीयेला चहाबरोबर नव्यानं बोलून घ्यायचा.

आम्ही सात चुलत-आते भावंडं. पोट पगारावर भरत होतं, पण घराचं वर्ष शेताच्या अंगानं सरकायचं. चैत्र संपता संपता गहू यायचा, आधी बैलगाडीतून आणि नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. लोकवन पोळ्यांसाठी, थोडा कठिया बाफल्यांसाठी. आई आणि काकू तो अंगणात वाळवत, एरंडेलाचा हात फिरवून कोठीत भरत. आम्हा पोरांचं काम एकच, पोती मोजायची आणि नानांना आकडा ओरडून सांगायचा. नाना तो लांबट लाल वहीत उतरवत. हरभरा भरला की हुळा खायला सगळी वरात शेतावर जायची. बासाबांच्या घरच्या माँसाब गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले बाफले तुपात बुडवून वाढत, आणि आईनं कितीदा ‘पुरे’ म्हटलं तरी त्यांचा हात थांबत नसे.

संध्याकाळी आकाशवाणी इंदूर. मालवा हाउसमधून ग्रामसभेचा कार्यक्रम लागायचा, त्यात नंदाजी आणि भेराजी मालवीत गप्पा मारत शेतीच्या गोष्टी सांगायचे. तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. सकाळी ‘नईदुनिया’ आली की पहिलं पान बाबांकडे आणि मंडीभावांचं पान नानांकडे जाई. इंदूरची छावणी मंडी, उज्जैनची चिमनगंज, देवास, धार; नाना एकेक भाव वाचत आणि काकू आतून विचारी, “आपला कितीला जाईल?” आपला म्हणजे बासाबांचाही. हे तिनं कधी समजावून सांगितलं नाही, आम्हाला ते ऐकूनच कळलं.

सरकार शेतकऱ्याला पैसे देतं ही कल्पना त्या काळच्या घरात नव्हती. अण्णांच्या आठवणीत तगाई होती. विहीर, बैल, बियाणं यांसाठी सरकारनं द्यायचं आणि सुगीला वसूल करायचं कर्ज. नानांच्या आठवणीत लेव्ही होती. १९७३ साली केंद्र सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हातात घेतला. तो डाव फसला आणि लवकरच मागे घ्यावा लागला, पण त्या हंगामात घरात किती पोती ठेवलीत हे विचारायला सरकारी माणूस आला होता, आणि काकूनं कोठीचं झाकण स्वतः उघडून दाखवलं होतं. ही हकिगत आम्ही दर दिवाळीत ऐकली. सरकार दारात यायचं ते माल न्यायला.

मग सोयाबीन आलं, आणि त्यानं आमच्या पिढीचं सगळं बदलून टाकलं. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात इतकी चिकटते की जुने लोक बरंचसं रान चौमासाभर पडीत ठेवत. पाऊस जिरवायचा आणि त्या ओलीवर दिवाळीच्या सुमारास गहू-हरभरा पेरायचा. उरलेल्या रानात ज्वारी, कापूस, तूर. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयानं साठच्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीनं सोयाबीनचे प्रयोग सुरू केले होते. पडीत राहणाऱ्या रानात शंभरेक दिवसांत उभं राहणारं आणि गव्हाला वेळेवर रान मोकळं करून देणारं पीक. बासाबांचे वडील प्रथम राजी नव्हते. जे आपण खात नाही ते पेरायचं कशाला, हा त्यांचा सरळ प्रश्न. नाना इंदूरच्या कृषी महाविद्यालयात चौकशीला गेले. हे तेच आवार, जिथे १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी संस्था उभी केली आणि कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ जगाला दिली. नाना तिथून बियाण्याची पिशवी आणि छापील पत्रक घेऊन आले, पत्रक बासाबांच्या वडिलांना वाचून दाखवलं, आणि चार बिघ्यांत पेरा झाला. पाच-सहा वर्षांत बाराही बिघे सोयाबीन.

आमच्या घराच्या मागोमाग, खरं तर आमच्याही आधी, सारा माळवा त्या वाटेनं गेला. सोयाबीनच्या तेलगिरण्यांची संघटना ‘सोपा’ १९७९ मध्ये इंदुरातच उभी राहिली, १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथेच आलं, नव्वदच्या दशकात जेएस ३३५ हे वाण घरोघरी पोचलं. स्वयंपाकघरात सोयाबीनच्या वड्यांची भाजी आली, जी आम्ही पोरांनी कौतुकानं आणि मोठ्यांनी निमूटपणे खाल्ली. दादाची इंजिनिअरिंगची फी, ताईचं लग्न, ओसरीची फरशी, बासाबांच्या घरावरचा पक्का स्लॅब, हे सगळं सोयाबीनचं. आजही माळव्यात फिरताना मला प्रत्येक पक्क्या घराकडे पाहून हेच आठवतं.

मध्ये सरकारी मदतीच्या लाटा आल्या नि गेल्या. १९९० ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी, पाच अश्वशक्तीच्या पंपांना मोफत वीज, २००८ ची मोठी कर्जमाफी. नानांनी कर्ज वेळेवर फेडलेलं असायचं, म्हणून माफीतलं काही आमच्या वाट्याला आलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. वहीत त्याची नोंद मात्र आहे. ‘गावात अमुक इतक्यांची माफी झाली’ एवढीच.

२०१७ साल वेगळं होतं. जूनमध्ये राज्यभर शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं. दूध रस्त्यावर ओतलं गेलं, इंदुरात भाजी येईना. ६ जूनला मंदसौर जिल्ह्यातल्या पिपल्यामंडीजवळ पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्या रात्री काकू जेवली नाही. तिचं माहेर निपाणीकडचं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी तिथे पुण्या-बंगळूरचा हमरस्ता आठवड्यांमागून आठवडे अडवून धरला होता, आणि ६ एप्रिलला तिथेही गोळ्या चालल्या. तिचे दोन चुलतभाऊ त्या रस्त्यावर बसलेले. “तेव्हाही भावच मागत होते,” ती म्हणाली. छत्तीस वर्षांनी, वेगळ्या राज्यात, वेगळ्या पिकासाठी मागणं तेच होतं. आम्ही भावंडं तिच्या भोवती बसलो होतो आणि आमच्यातल्या कुणाकडेही तिला सांगण्यासारखं काही नव्हतं.

सरकारनं आधी आठ रुपये किलोनं कांदा घेतला. मग खरिपासाठी ‘भावांतर भुगतान योजना’ जाहीर झाली. सोयाबीन, मका, मूग, उडीद, तूर, भुईमूग, तीळ, रामतीळ अशी आठ पिकं. कल्पना ऐकायला सोपी होती. माल सरकार घेणार नाही. शेतकऱ्यानं तो मंडीत नेहमीसारखा विकायचा, आणि हमीभाव व बाजारभाव यांतला फरक सरकार थेट खात्यात भरणार. पण नोंदणी आधी करायला हवी, आणि नोंदणी जमीन ज्याच्या नावावर त्याची.

इथे आमच्या घराचा खरा कस लागला. खसऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नावं होती अण्णांच्या तीन मुलांची, आणि त्यांतले बाबा आणि भाऊकाका जाऊन वर्षं झाली होती. फौती नामांतरण, म्हणजे मेलेल्याचं नाव कमी करून वारसांची चढवणं, अर्धवट राहिलेलं. माईआत्यानं १९८०च्या आसपास भावांच्या नावे हक्कत्याग लिहून दिला होता, त्या काळी बहिणी देत तसा, कुणी मागितलाही नसताना. २००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, तेव्हा आमच्या पिढीत ताईचं आणि माझ्या बहिणीचं नाव घालायचं हे नानांनी आधीच बोलून ठेवलं होतं. आता ते कागदावर आणायची घाई झाली. दादा भोपाळहून आला, ताई देवासहून, एकजण पुण्याहून, आणि धाकटा अमेरिकेत रॅलेला, त्याचं संमतिपत्र टपालानं. वर्षानुवर्षं लग्नाकार्याला चुकणारी माणसं सप्टेंबरच्या चिकचिकीत तहसिलीच्या व्हरांड्यात एकत्र उभी राहिली. आधार कार्डाच्या झेरॉक्स, समग्र आयडी, भू-अधिकार ऋणपुस्तिका, बँकेचं पासबुक. गिरदावरीत, म्हणजे पीकपाहणीच्या नोंदीत, सोयाबीनच लिहिलंय ना, हे पटवाऱ्याकडून पाहून घेतलं. ताईनं सगळ्यांसाठी डब्यातून पराठे आणले होते, आणि तिथल्या बाकावर आमच्याशेजारी बसलेल्या दोन अनोळखी शेतकऱ्यांनीही ते खाल्ले.

बासाबांचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ज्या माणसानं जूनमध्ये तिफण धरली, ज्याच्या सुनेनं भर पावसात निंदणी केली, ज्यानं पिवळा मोझॅक आलेली झाडं एकेक उपटली, तो नोंदणीच्या लेखी नव्हताच. कारण जुनं होतं. मध्यप्रदेशाच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत कलम १६८ होतं. तीन वर्षांत एका वर्षाहून जास्त जमीन दुसऱ्याला कसायला दिली तर त्याला कुळाचे हक्क मिळू शकत. त्या धास्तीनं माळव्यात बटाई तोंडीच राहिली. मालक लिहून देईना आणि बटाईदार मागेना. २०१६ मध्ये बटाईदारांच्या हिताचा नवा कायदा आला, लेखी करार केला तरी मालकी जात नाही असं त्यात स्पष्ट झालं, पण दोन पिढ्यांची भीती एका राजपत्रानं जाते थोडीच. म्हणून चाळीस क्विंटलचा सगळा माल आमच्या नावावर नोंदला गेला, बासाबांचा निम्मा धरून.

दिवाळी १९ ऑक्टोबरची होती. ती उरकून माल लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत नेला. दादा, मी, बासाब आणि त्यांचा मुलगा. पहाटेच ट्रॉल्यांची रांग लागलेली. नाना तेव्हा ऐंशीच्या पुढे, तरी आलेच. नीलाम सुरू झाला. मंडीचा कर्मचारी पुढे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. एकेक जण ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर दाणे काढी, तळव्यावर पसरी, एक दाणा दाताखाली धरून ओल पाही. आमच्या मालात थोडी डागी होती, ऐन काढणीला पाऊस लागलेला. बोली अठराशेवर सुरू झाली, दोन हजार, बावीसशे, आणि २३१० वर थांबली. बासाबांनी ट्रॉलीच्या फळीवर ठेवलेला हात काढला नाही, काही बोललेही नाहीत. मग अनुबंध पर्ची, तोल, तौल पर्ची, भुगतान पत्रक. तिन्ही कागद नानांनी चष्मा लावून वाचले आणि वहीत घातले.

हमीभाव होता ३०५०, त्यात दोनशेचा बोनस धरलेला. घरातल्या सगळ्यांनी मनात वजाबाकी करून ठेवली होती: ३०५० वजा २३१०, म्हणजे ७४० रुपये क्विंटलमागे. योजनेतली मेख पुढे कळली. फरक मोजायचा तो आपल्या पावतीवरच्या भावापासून नव्हे, ‘मॉडेल रेट’पासून. मध्यप्रदेश आणि आणखी दोन राज्यांतल्या मंड्यांच्या भावांवरून सरकार तो काढणार. १६ ते ३१ ऑक्टोबरसाठी सोयाबीनचा मॉडेल रेट २५८० निघाला. म्हणजे भावांतर ४७०. कुणी बावीसशेला विकलं असो वा अडीच हजाराला, मिळणार ४७०च. आमचे २३१० अधिक ४७०, झाले २७८०. हमीभावाला २७० कमी. चाळीस क्विंटलवर दहा हजार आठशे रुपयांचा खड्डा, ज्याला कुठलाच रकाना नव्हता. आणि योजना जाहीर होताच मंड्यांमधले भाव आणखी खाली आले, ही तर माळव्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवरची तक्रार होती. फरक सरकार भरणार हे ठाऊक असल्यावर व्यापाऱ्यानं बोली का चढवावी? मला आजही वाटतं की या योजनेचं दुखणं इथेच होतं. भाव पडू नये यासाठी तिच्यात काही नव्हतं. भाव पडला की त्यातला काही भाग भरून द्यायचा, एवढीच तिची धाव होती.

तरीही ते पैसे आले, हे सांगितलंच पाहिजे. अठरा हजार आठशे रुपये, एका दुपारी, नानांच्या खात्यात. दादाच्या मोबाइलवर संदेश वाजला तेव्हा आम्ही जेवत होतो.

आणि मग ताट बाजूला सारून जी चर्चा झाली ती आमच्या पिढीनं एकत्र बसून केलेली पहिली खरी चर्चा असावी. पुण्याच्या भावाचं म्हणणं, नोंदणी आपली, जमीन आपली, सरकारनं मदत जमीनधारकाला दिलीय. बासाबांना त्यांच्या मालाचे पैसे मिळालेच आहेत. तो वाईट माणूस नाही, आणि त्याचं बोलणं कायद्याला धरूनच होतं. ताई म्हणाली, मग निंदणीला तू गेला होतास का? दादा मधे पडला. रॅलेचा भाऊ फोनवर होता, आणि त्यानं जे सांगितलं त्यानं बोलणं वळलं.

तो नॉर्थ कॅरोलिनात राहतो, तंबाखूच्या मुलुखात. तिथे १९३८ च्या कायद्यापासून तंबाखूचा कोटा असे, कुणी किती पिकवायचा आणि विकायचा ते ठरलेलं, आणि त्या बदल्यात भावाला आधार. कोटा जमिनीला चिकटलेला. पिढ्या उलटल्या तसे कोट्याचे मालक शहरांत गेले, काही म्हाताऱ्या विधवा, काही नोकरदार, आणि कोटा भाड्यानं घेऊन तंबाखू लावणारे वेगळे. २००४ मध्ये अमेरिकेनं ती पद्धतच मोडली आणि सगळ्यांना मोबदला दिला, दहा वर्षं, २०१४ पर्यंत हप्त्याहप्त्यानं, सिगारेट कंपन्यांकडून वसूल करून. भावाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईला तो चेक दर वर्षी यायचा. “पण ऐका,” तो म्हणाला, “कोट्याच्या मालकाला पौंडामागे सात डॉलर दिले, आणि प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला वेगळे तीन. पिकवणारा कायद्यात धरला होता.” त्या योजनेवर तिथेही पुष्कळ टीका झाली. तंबाखूसाठी सरकारनं इतकं का करावं हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या दुपारी रामबागेत आम्हाला त्यातलं एकच वाक्य हवं होतं.

नाना तोवर गप्प होते. ते म्हणाले, “भाव पडला तो दोघांचा पडला. भरून आलं ते दोघांचंच.” आणि वहीत लिहिलं: भावांतर १८,८००, पैकी बासाब ९,४००.

दुसऱ्या आठवड्यात नाना आणि मी सांवेरला गेलो. बासाबांनी पैसे लगेच घेतले नाहीत. पुढच्या गव्हाच्या बियाण्याच्या हिशेबात धरा म्हणाले. माँसाबनी दारातून ऐकलं आणि मालवीत एवढंच विचारलं, “रामबाग वाळी भाभीजी कसी हे?” काकूच्या तब्येतीची चौकशी. पैशाचं बोलणं तिथेच संपलं. परत येताना नाना गाडीत म्हणाले, हे देणं आपण दिलं म्हणून मिळालं, त्याला हक्कानं मिळायला हवं होतं. त्या वयात त्यांना ते इतकं टोचत होतं याचं मला तेव्हा नवल वाटलं.

पुढची वर्षं भराभर गेली. २०१८ मध्ये सोयाबीनला क्विंटलमागे सरसकट पाचशेची घोषणा झाली. त्याच वर्षअखेर सरकार बदललं आणि १७ डिसेंबरला दोन लाखांपर्यंतच्या कर्जमाफीवर सही झाली. जानेवारीत गावोगाव तीन रंगांचे अर्ज: आधार जोडलेल्या खात्याला हिरवा, न जोडलेल्याला पांढरा, हरकतीसाठी गुलाबी. २०१९ पासून केंद्राचे किसान सन्मान निधीचे सहा हजार. राज्याचे आधी चार हजार, आता तेही सहा. वर्षाला बारा हजार, पण जमीन नावावर असणाऱ्याला. आमच्यातले बहुतेक आयकर भरणारे, म्हणून आम्ही त्यात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. बासाब भूमिहीन, म्हणून तेही बसत नाहीत. त्या बारा बिघ्यांवर एक रुपया येत नाही, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे तो समोर उभा आहे. हे कुणा एका सरकारचं पाप नाही. आपल्याकडे शेतकरी कोण हे अजून सातबाऱ्यावर आणि खसऱ्यावर ठरतं. माळव्यात तसंच, मराठवाड्यातही तसंच.

२०२१ च्या उन्हाळ्यात नाना गेले. त्याच वर्षी सोयाबीननं दहा हजारांचा पल्ला ओलांडला, जो त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. वही ताईकडे आली. तिनं शाळामास्तरांचं अक्षर पुढे चालवलं नाही, स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहिते, पण रकाने तेच ठेवलेत. बासाब आता शेतावर जात नाहीत, मुलगा पाहतो. २०२४ मध्ये भाव पुन्हा चार हजारांवर घसरले, हमीभाव ४८९२ असताना. सहा हजारांची मागणी करत माळव्यातल्या गावांतून ट्रॅक्टर निघाले. त्या वर्षी सरकारनं हमीभावानं खरेदी केली. २०२५ मध्ये हमीभाव ५३२८ झाला आणि खरेदीऐवजी पुन्हा भावांतर आलं.

या वेळी आम्ही भावंडांनी आधीच ठरवलं होतं. सप्टेंबरात, दादाच्या घरी, व्हिडिओवर रॅले आणि समोर बाकीचे. बटाई लेखी करायची. पुण्याच्या भावानंच मसुदा करून आणला. त्यात दोघांचा हिस्सा, खर्चाची वाटणी, आणि शेवटी एक ओळ, की पिकाशी संबंधित कुठलीही सरकारी मदत किंवा भरपाई याच हिश्श्यानं वाटली जाईल. ती ओळ त्यानं स्वतःहून घातली होती. ताईनं ती दोनदा वाचली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नोव्हेंबरात पहिला मॉडेल रेट ४०२० निघाला. भावांतर १३०८. क्विंटलला तेराशे रुपये बाजारानं द्यायचे ते सरकारच्या तिजोरीतून येणार, हा आकडाच सांगतो की आठ वर्षांत मूळ दुखणं हललेलं नाही. तेलबियांची आयात, पेंडीचा जागतिक भाव, गिरण्यांची गरज, या सगळ्यांत माळव्याचा शेतकरी शेवटी उभा असतो आणि बोली त्याच्या ट्रॉलीपाशी येऊन थांबते. मला हे पटत नाही आणि कधी पटणारही नाही. चांगला भाव मिळालेल्या शेतकऱ्याला कुठल्या नोंदणीची गरज नसते.

करारावर सह्या करायला आम्ही सांवेरला गेलो तेव्हा बासाबांच्या मुलानं कागद हातात घेऊन मुदतीच्या जागी बोट ठेवलं. तिथे एक वर्ष लिहिलेलं होतं. तो म्हणाला, लिहायचंच तर तीन वर्षांचं लिहा, विहिरीची मोटर बदलायची आहे आणि बांधावर लिंबाची झाडं लावायची आहेत, एका वर्षाच्या कागदावर मी एवढा खर्च कसा करू? पुण्याचा भाऊ आमच्याकडे पाहायला लागला. दादानं पेन मागितलं, एकच्या जागी तीन केलं, आणि खोडलेल्या जागी आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.